जुनी पिकअप चढावर बंद पडते : पंप उघडण्याआधी काय पाहावे?

भिवंडीहून ग्रे कापडाचे तागे भरून निघालेली गाडी कशेळी, बाळकुम, कापूरबावडी, कासारवडवलीपर्यंत व्यवस्थित येते आणि गायमुखच्या चढावर दम सोडते. मीरा-भाईंदरमध्ये ज्यांच्या दारात जुनी डिझेल पिकअप उभी आहे, त्यांना हा प्रकार नवा नाही. मागे ट्रकांची रांग लागते, हॉर्न सुरू होतात आणि इकडे दुकानात गिऱ्हाईक मालासाठी खोळंबते. मग गाडी गॅरेजला जाते, पंप उतरतो, आठवडा जातो, बिल येते आणि पुढच्या खेपेला गाडी पुन्हा त्याच चढावर उभी राहते.

मी कापडाचा व्यापारी आहे, मिस्त्री नव्हे. म्हणून हा लेख मिस्त्र्यांना शिकवण्यासाठी नाही. गाडी गॅरेजमध्ये उभी करताना मालकाने काय सांगावे, काय विचारावे आणि कोणत्या कामाला लगेच "हो" म्हणू नये, एवढेच मांडायचे आहे. हे ज्ञान मला फुकट मिळालेले नाही.

२०१४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची पिकअप २००६ ची, सेकंड-हँड घेतलेली. भिवंडी-भाईंदर आठवड्याला तीन खेपा. जून महिन्यात मी डिझेलचा हिशेब केला तर अ‍ॅव्हरेज ११ वरून ९ वर आलेले. दुकानदाराच्या मनात पहिला संशय माणसावर येतो, मशीनवर नाही. मला वाटले, ड्रायव्हर रस्त्यात डिझेल विकतो. मी दोन गोष्टी केल्या. एक, बाजारातून टाकीसाठी कुलूपवाले झाकण आणले आणि चावी माझ्याकडे ठेवली. दुसरी, पूर्वी ड्रायव्हर हजार-हजार रुपयांचे डिझेल टाकत असे, ते बंद करून भिवंडीत स्वतः उभा राहून टाकी काठोकाठ भरून घेऊ लागलो, म्हणजे हिशेब चोख राहील.

दोन आठवड्यांत गाडी गायमुखला बंद पडू लागली. आधी झटके, मग पॅडल दाबले तरी आवाज खाली जाणे, मग एकदम शांत. दहा-पंधरा मिनिटे थांबून, फिल्टरवरचा हँड पंप मारून सेल्फ दिला की पुन्हा चालू. काशिमीऱ्यापर्यंत कशीबशी पोचायची. गावात रिकामी फिरवली तर काहीच तक्रार नाही.

येथे एक धोक्याची सूचना आधीच देऊन ठेवतो. चढावर इंजिन बंद पडले की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम नव्याने तयार होत नाही. साठलेला व्हॅक्यूम एक-दोन वेळा ब्रेक दाबण्यापुरताच असतो. घाबरून पॅडल पुन्हा पुन्हा मारले तर ते दगडासारखे कडक होते आणि भरलेली गाडी मागे सरकू लागते. एकदाच दाबून धरावे, हँडब्रेक ओढावा, गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला लाकूड लावावे. हे लाकूड भाड्याच्या प्रत्येक गाडीत असलेच पाहिजे.

तर आमची गाडी एका गॅरेजला गेली. न विचारता निर्णय झाला, "पंप गेलाय शेठ." पंप उतरवून पंपाच्या दुकानात गेला, कॅलिब्रेशन झाले, १४ हजारांचे बिल मी भरले. तीन दिवस गाडी गावात छान चालली. चौथ्या दिवशी भिवंडीची खेप आणि गायमुखला पुन्हा तोच तमाशा. मग नोझल निघाले, आणखी ६ हजार. परिणाम तोच. आता माझी खात्री झाली की ड्रायव्हर डिझेलमध्ये रॉकेल मिसळतो. टाकीची चावी माझ्याच खिशात असताना तो मिसळणार कुठून, हा साधा विचारही रागात सुचला नाही. हमालांसमोर मी त्याला नको ते बोललो. तो एवढेच म्हणाला, "शेठ, तुमच्या गाडीची चावी घ्या आणि टाकीची तर तुमच्याकडे आहेच." दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

त्यानंतर काशिमीऱ्याच्या हायवेलगत छोटीशी टपरी असलेल्या एका वयस्कर मिस्त्र्याकडे गाडी नेली. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी प्रश्न विचारले. गाडी एकदम बटण बंद केल्यासारखी बंद पडते की धापा टाकत? थंड असताना की गरम झाल्यावर? रिकामी की भरलेली? बंद पडल्यावर किती वेळाने चालू होते? त्या वेळी धूर कसला असतो? आणि शेवटचा प्रश्न, "टाकी भरल्यावर लगेच होते की टाकी खाली असताना?"

शेवटच्या प्रश्नाने मी थांबलो. आठवून पाहिले तर प्रत्येक वेळी टाकी नुकतीच भरलेली होती.

या प्रश्नांमागे काय आहे ते समजून घेतले तर निम्मे निदान मालकच करू शकतो. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल यांना या कल्पनेचे पेटंट १८९३ साली मिळाले. म्हणजे इंजिनाला तीनच गोष्टी हव्यात. स्वच्छ हवा, योग्य वेळी पुरेसे डिझेल आणि हवा दाबण्याची ताकद, म्हणजे कॉम्प्रेशन. तिन्हीपैकी एक कमी पडली की गाडी दम सोडते. पण प्रत्येकीची लक्षणे वेगळी आहेत.

बटण बंद केल्यासारखी गाडी एकदम थांबली तर प्रथम वायरिंग पाहावे. रोटरी पंपावर डिझेल सोडणारा-बंद करणारा सोलेनॉइड असतो. त्याला बॅटरीचा करंट मिळत असेल तोवरच डिझेल जाते. त्याची वायर सैल झाली किंवा खाऱ्या हवेने टर्मिनलवर गंज चढला की खड्ड्यात आदळताच गाडी बंद, आणि पुढच्या धक्क्याला चालूही होते. आपल्या भागात खाडीची हवा आहे, हे विसरू नये. पॉलिश पेपरने टर्मिनल साफ करायला पाच मिनिटे लागतात. इंजिन बंद करण्यासाठी ओढायची केबल असलेल्या जुन्या गाड्यांत वेगळाच घोटाळा होतो. केबल गंजून पूर्ण परत जात नाही, पंपाचा दांडा अर्धवट बंद राहतो आणि गाडी चालते खरी, पण उचलत नाही.

धापा टाकत, झटके देत बंद पडणारी आणि थोड्या विश्रांतीने पुन्हा चालू होणारी गाडी बहुधा डिझेलची भुकेली असते. अशा वेळी धूर फारसा नसतो. जळायला डिझेलच नाही तर धूर कुठून येणार? याउलट ताकद कमी आणि मागे काळ्या धुराचा लोट असेल तर डिझेल आहे, हवा कमी आहे किंवा फवारा बिघडला आहे. गरम इंजिनातून पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. टायमिंग चुकले असेल, एखादा सिलिंडर थंड असेल, किंवा हेड गॅस्केटमधून पाणी आत जात असेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे.

चाचांनी मग मला गाडी भरून तीच खेप करायला लावले आणि स्वतः शेजारी बसले. गायमुखला गाडीने झटके देताच ते म्हणाले, "बंद होऊ दे. आता चावी लाव आणि टाकीचे झाकण खोल." मी कुलूप उघडून झाकण फिरवले, तसा टाकीने मोठा "फुस्स" आवाज करून हवा आत ओढली. सेल्फ दिला, गाडी चालू. पुढे झाकण सैल ठेवून काशिमीऱ्यापर्यंत आलो, एक झटका नाही.

मूळ झाकणात हवेचे बारीक छिद्र होते. मी आणलेल्या कुलूपवाल्या झाकणात ते नव्हते आणि त्याचे रबर इतके घट्ट की सुईच्या टोकाएवढी हवा आत जाईना. टाकीतून जेवढे डिझेल जाते, तेवढी हवा आत आलीच पाहिजे. नाही आली तर आत ओढ तयार होते आणि पंपाला डिझेल खेचता येत नाही. थांबल्यावर फटीतून हळूहळू हवा शिरते, म्हणून पंधरा मिनिटांनी गाडी चालू होते.

टाकी भरलेली असतानाच का, याचा हिशेब व्यापाऱ्याला चटकन समजेल. समजा ६० लिटरच्या टाकीत वर फक्त ३ लिटर हवेची जागा उरली आणि भिवंडी ते गायमुख २ लिटर डिझेल जळाले. आता तीच ३ लिटर हवा ५ लिटरच्या जागेत पसरते, म्हणजे तिचा दाब सुमारे ४० टक्क्यांनी घटतो. टाकी अर्धी असती तर ३० लिटर हवा ३२ लिटरमध्ये पसरली असती. दाब ६ टक्के घटला असता आणि पंपाला तो जाणवलाही नसता. गावातल्या छोट्या फेऱ्यांत काही होत नव्हते ते याच कारणाने. गॅरेजवाल्याने दर वेळी झाकण उघडले की रोग गायब होत होता आणि आम्ही समजत होतो पंपाने गुण दिला.

काही गाड्यांत हवेचे छिद्र झाकणात नसून टाकीवर वेगळी बारीक नळी असते. ती चिखलाने बुजते किंवा त्यात माशी घर करते. तपासणी तीच. बंद पडताक्षणी झाकण उघडून आवाज ऐका. खर्च शून्य.

टाकी निर्दोष निघाली तर तिथून पंपापर्यंत डिझेल ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने क्रमाने पुढे जावे. बहुतेक गॅरेजमध्ये क्रम उलटा असतो. सर्वांत महाग वस्तूपासून सुरुवात होते. टाकीत खेचणाऱ्या नळीच्या टोकाला जाळी असते. तळाचा गाळ तिच्यावर चिकटतो, इंजिन बंद झाले की खाली पडतो आणि पुन्हा वर येतो. पावसाळ्यात झाकणाच्या फाटक्या रबरातून पाणी आत जाते. रात्रभर अर्धी टाकी घेऊन उभ्या गाडीत दमट हवेचे थेंबही जमतात. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढून काळी शेवाळासारखी घाण तयार होते. ती एकदा फिल्टरमध्ये गेली की नवा फिल्टरही आठवड्यात बसतो. फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घ्यावे आणि अर्धा तास ठेवावे. खाली पाण्याची रेघ दिसली तर टाकी उतरवून धुवा. त्याआधी पंपाला हात लावू देऊ नका.

जुन्या दुहेरी फिल्टरच्या गाड्यांत पहिला फिल्टर कापडाचा किंवा फेल्टचा आणि दुसरा कागदाचा असतो. आम्ही कापडवाले, म्हणून सांगतो, पहिला फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन पुन्हा बसवण्याची काटकसर काही जण करतात. धुतलेल्या फेल्टचे तंतू सुटतात आणि पुढच्या फिल्टरवर जाऊन बसतात. दोन्ही एकदमच बदलावेत.

यापुढचे दुखणे सर्वांत फसवे. त्याला आपल्याकडे "गाडी एअर घेते" म्हणतात. टाकी ते पंप या भागात डिझेल ढकलले जात नाही, खेचले जाते. त्यामुळे रबरी नळीला बारीक चीर असली किंवा तांब्याचे वायसर दबले असले तर बाहेर डिझेलचा थेंब दिसत नाही. उलट बाहेरची हवा आत जाते. मालक खाली वाकून पाहतो, सगळे कोरडे, म्हणून समजतो लाइन चांगली आहे. यावर सोपा उपाय असा. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक प्लास्टिकची नळी तात्पुरती बसवावी आणि इंजिन चालवून पाहावे. सुरुवातीचे काही बुडबुडे गेल्यावर डिझेल अखंड दिसले पाहिजे. बुडबुड्यांची माळ चालूच राहिली तर हवा मागून येते आहे. तपासणी झाली की नळी काढून टाकावी. साधे प्लास्टिक डिझेलमध्ये टिकत नाही. नळ्या, क्लिपा आणि वायसर बदलायला काहीशे रुपयांत काम होते.

पंप दोषी आहे की टाकीकडची बाजू, याचा निकाल एका डब्याने लागतो. स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा डबा पंपापेक्षा थोडा उंच आणि सायलेन्सरपासून दूर पक्का बांधावा. पंपाकडे जाणारी नळी आणि परत येणारी नळी दोन्ही त्यात सोडाव्यात. हे मिस्त्र्याकडूनच करून घ्यावे आणि आसपास विडी-सिगारेट नको. डब्यावर गाडीने पूर्ण ताकद दिली तर पंप चांगला आहे, दोष मागे आहे. डब्यावरही तीच रड असेल, तेव्हाच पंप उतरवण्याची परवानगी द्यावी. पंप उघडणारा कारागीर मोठा हुनरवाला असतो, त्याच्या कामाबद्दल तक्रार नाही. बॉश कंपनीने डिझेल पंपाचे कारखान्यात उत्पादन १९२७ मध्ये सुरू केले. आपल्याकडे हे पंप बंगळूरच्या मायकोने घरोघरी पोचवले. कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले तरी जुने मिस्त्री अजून "मायको पंप"च म्हणतात. हे पंप स्वच्छ डिझेल मिळाले तर वर्षानुवर्षे चालतात. ते मरतात ते बहुतेक पाण्याने आणि घाणीने.

इंजिन एका सिलिंडरवर मिसिंग मारत असेल तर मिस्त्री एकेक नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करतो. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो आळशी. मग त्याचे नोझल तपासावे, टॅपेट पाहावेत, कॉम्प्रेशन मोजावे. पण हात लांब ठेवा. नोझलचा फवारा कातडी फोडून आत जातो आणि बोट गमवावे लागते. आणि नव्या कॉमन रेल गाड्यांत हा प्रयोग कोणी करू लागला तर त्याला थांबवा. तिथे दाब १,००० बारच्या वर असतो. मोटारीच्या टायरमध्ये सुमारे दोन बार असतो, यावरून कल्पना करा. त्या गाड्यांना आधी स्कॅनर लावून कोड वाचावा लागतो.

हवेची बाजू सोपी असून दुर्लक्षित आहे. भिवंडीच्या लूमच्या गल्ल्यांत गाडी तासन्‌तास चालू उभी असते आणि तिथल्या हवेत रुई उडत असते. एअर फिल्टरवर तिची गोधडीच तयार होते. फिल्टर काढून मागे बॅटरी धरावी. उजेड आरपार दिसत नसेल तर तो टाकाऊ. टर्बो असेल तर त्याच्या रबरी होजवर ऑइलचे डाग आणि चीर शोधावी. हिला शिट्टीसारखा आवाज असतो. आणि एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. ड्रायव्हरने पायाखाली टाकलेली जाड चटई पॅडलला पूर्ण खाली जाऊ देत नाही. एकाने पॅडल पूर्ण दाबावे, दुसऱ्याने पंपाचा दांडा शेवटपर्यंत जातो का ते पाहावे.

शेवटी, प्रत्येक वेळी दोष इंजिनाचा नसतो. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, तर क्लच घसरतो आहे. सपाट रस्त्यावर न्यूट्रल केल्यावर गाडी सहज घरंगळत नसेल तर ब्रेक धरले आहेत. एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापते का ते जवळ हात नेऊन, ड्रमला न शिवता पाहावे. आठ वर्षांवरील मालगाडीला दरवर्षी फिटनेस काढावे लागते. त्या वेळी ब्रेक सेट होतात, पण नंतर वर्षभर कोणी बघत नाही.

आमच्या गाडीचेही तेच निघाले. झाकणाचा उलगडा झाल्यावर मी चाचांना अ‍ॅव्हरेजची गोष्ट सांगितली. त्यांनी खेपेनंतर चारही चाकांजवळ हात नेला आणि मागच्या डाव्या चाकापाशी थांबले. ड्रम खोलला, आतली स्प्रिंग तुटलेली, ब्रेक शू घासत होता. जूनपासून गाडी ब्रेक लावूनच भिवंडी-भाईंदर करत होती. स्प्रिंग, साफसफाई आणि मजुरी मिळून ३५० रुपये झाले. पुढच्या हिशेबात अ‍ॅव्हरेज ११ वर आले.

जूनच्या पगारातून डिझेलचे म्हणून ड्रायव्हरचे २,४०० रुपये मी कापले होते. ते घेऊन नया नगरला त्याच्या घरी गेलो आणि झाकणाची व स्प्रिंगची सगळी हकीकत त्याला सांगितली. त्याने पैसे मोजून घेतले, चहा पाजला. परत कामावर ये म्हणालो, तर म्हणाला, "भाई, आता दुसऱ्या शेठची गाडी धरली आहे." ती पिकअप मी २०१९ पर्यंत वापरली, मूळच्या छिद्रवाल्या झाकणावरच.